गुलाबी झाक

मोत्यांचा सर ओवायला घेतला तेव्हा सुईला आधी वाटलं, रडून रडून आपलेच डोळे बिघडलेत.

ती उठली, बेसिनवर जाऊन डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले, रुमालाने टिपले आणि परत उत्तरेच्या खिडकीखाली येऊन बसली. समोर बाबांची पाटी होती. करड्या कापडाने मढवलेली, मधून लांब खाच पडलेली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बाबांनी त्या खाचेत शेवटचा मोती ठेवला, वरून मलमल पांघरली आणि घरच्यांना बजावलं, "कुणी हात लावायचा नाही. सुई येऊन ओवेल." सुई आली ती त्यांना पोचवायलाच. त्याला महिना होत आला. मलमल आज सकाळी तिनेच उचलली.

मधला मोती टपोरा, त्याच्या दोन्ही अंगांना बाकीचे उतरत्या भाजणीने मांडलेले. मधल्याला गुलाबी झाक होती, पांढऱ्यावर नुसती आल्यासारखी, रोखून बघितलं की हरवेल अशी. शेजारच्यालाही होती. त्याच्या शेजारच्याला नव्हती. तो हिरवट होता. पुढे परत गुलाबी, मग ओळीने हिरवट, मग मध्येच एकटा गुलाबी. दोन वेगळ्या समुद्रांचे मोती कुणी अंधारात एकमेकांत ओतावेत तसं.

तिने पाटी फिरवून पाहिली. पडदा पूर्ण सरकवला. हिरवे हिरवेच राहिले.

घरात तिला सगळे सुईच म्हणत. लहानपणी अंगाने तशी होती म्हणून, पुढे जिभेमुळे आणि शेवटी कामामुळे. या घरातला प्रत्येक सर तीच ओवायची. दोन मोत्यांमध्ये एक गाठ, म्हणजे रेशीम तुटलंच तर एकच मोती सांडावा. लग्न होऊन दूर गेली तरी त्यासाठी ती वर्षातून दोनदा माहेरी यायची. जुळवायचं काम मात्र तिचं नव्हतं. ते बाबांचं, आणि बाबांच्या मागे थोरल्याचं, म्हणजे दादाचं. बाजारात बाबांना 'नजर' म्हणत. नजरने जुळवलेला सर कुणी उलगडून बघत नसे. डबी हातात घ्यायची आणि पुढे द्यायची.

आज दहाला पेढीवरच्या बाई येणार होत्या. इतकी वर्षं इथला प्रत्येक सर त्यांच्याच पेढीवर गेला होता. हा शेवटचा त्या स्वतः न्यायला येणार होत्या, आणि तो बघून ठरवणार होत्या की नजरच्या माघारी या घराशी संबंध ठेवायचा की नाही. त्या नाही म्हणाल्या तर या खिडकीखाली परत कुणी पाटी मांडणार नव्हतं.

"झालं का गं?" दादा दारातून म्हणाला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"सुरुवातच नाही झाली. दादा, हे जरा बघ."

"मी काय बघू? बाबांनी बघितलंय."

त्या घरात हे वाक्य म्हणजे कोर्टाचा निकाल. त्यावर अपील नसे.

"तरी बघ. हा, आणि हा."

दादा वाकला. भिंग डोळ्याला लावलं, पुष्कळ वेळ लावून ठेवलं. "पाणी काय सुंदर आहे," म्हणाला.

"पाण्याचं नाही म्हणत मी. तेज तर आहेच. झाक बघ."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं जुळत नाहीत."

दादा सरळ झाला. "बाबांचा सर जुळत नाही. असं तू म्हणतेस."

"मोती म्हणतायत. मी नुसती ऐकतेय."

"कुणाचं जुळत नाही?" दाराजवळच्या खुर्चीतून आत्या म्हणाली. आत्या बाबांची थोरली बहीण. ऐकू यायचं की नाही हे ती विषय बघून ठरवायची. "रंगारी आणि त्याच्या बायकोचं का?"

"सराचं, आत्या."

"काहीतरीच. माझा भाऊ चड्डीत होता तेव्हापासून त्या खिडकीखाली बसलाय. आणि तू काल आलेली..."

"मी महिनाभर इथंच आहे."

"तेच म्हणते मी. महिनाभर रडून डोळे सुजलेत तुझे. चहा पी आणि ओवून टाक."

चहा घेऊन धाकटा भाऊच आत आला. त्याचं रंगारी हे नाव बाबांनी पाडलं होतं, आणि ते कौतुकाने नव्हे. मोती उजळवून त्यांना गुलाबी रंग पाजायच्या कारखान्यात तो रसायनं बघायचा. तिथं नोकरी धरली त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी सरळ बोलले नव्हते. "त्या रंगाऱ्याला सांग, जेवण वाढलंय," असे निरोप आईमार्फत जायचे, तो समोर बसलेला असतानाही.

रंगाऱ्याने कप खिडकीत ठेवला आणि पाटीकडे सहज बघितलं. मग परत बघितलं.

"अर्धे हिरवे आहेत," तो म्हणाला. "दादा, तुला दिसत नाहीये?"

"दिसतंय," दादा पटकन म्हणाला. "पण इतकं काही नाही. गळ्यात कुणाला कळतंय? आणि बाई आता म्हाताऱ्या झाल्यात."

"म्हाताऱ्या झाल्यात. आंधळ्या नाही झाल्या."

कपाटापाशी आई रिकाम्या डब्या पुसत होती. सकाळपासून पुसत होती. पुसलेल्या संपल्या की परत पहिलीपासून. सुईला दिसलं, तिचा हात थांबला आणि मग जरा जोरात चालू लागला.

सुईने एक हिरवट मोती उचलून काचेवर लोटला. तो सरळ रेषेत गेला, कुठं डगमगला नाही. कातडीला खड्डा नाही, सुरकुती नाही. तिने वेजाच्या भोकाशी भिंग धरलं. समुद्रातल्या शिंपल्यात माणूस आपल्या हाताने एक मणी घालतो आणि शिंपला त्यावर थर चढवत राहतो. सगळी किंमत त्या थराची. घाईने काढलेल्या मोत्याचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो, वेज पाडतानाच टवका उडतो आणि आतला मणी डोळा वटारून बघतो. या मोत्याचा थर भरीव होता, भोकाची कड चाकूने कापल्यासारखी. घाई न करता, थंडीचं पाणी पुरतं पिऊन बाहेर आलेला. तिने दुसरा बघितला, तिसरा बघितला. एकेकटा घेतला तर त्यातला एकही मोती नाकारायची कुणाची छाती झाली नसती.

पण सर एकेकट्यांचा होत नाही. एका शिंपल्यातून एक मोती येतो आणि दुसरा शिंपला त्याच्यासारखा दुसरा देईलच असं नाही. म्हणून तर जुळवायला हंगामामागून हंगाम जातात आणि जुळलेल्या सराला सुट्या मोत्यांच्या कितीतरी पट मोल येतं. या सरासाठी बाबांनी पोती भरून मोती चाळले होते. एवढं करून त्यांनी हे काय जुळवलं होतं?

"एक रस्ता आहे," रंगारी म्हणाला. "मी कारखान्यात घेऊन जातो. हिरवे आधी उजळवायचे, मग हलकासा गुलाबी पाजायचा. आठवड्यात आणून देतो. सुईलासुद्धा ओळखू येणार नाहीत."

एरवी त्याच्या कारखान्याचं नाव निघालं की दादा खोलीबाहेर जायचा. आज तो जवळ आला. "खरंच? थराला धक्का लागणार नाही?"

"आता लागणार नाही. पुढे काही वर्षांनी पाणी थोडं उतरेल. तेव्हाचं तेव्हा."

"बाईंना काय सांगायचं?"

"सांगू, सुई तापाने झोपलीय."

"हो, पाडा मला आजारी," सुई म्हणाली. "घरातलं एक माणूस आत्ताच गेलंय, एक अंथरुणात घाला. रंग पाजलेला मोती बाबांनी या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. पोटच्या मुलाशी बोलणं टाकलं त्यापायी. आणि त्यांच्याच शेवटच्या सरात तो घालायचा?"

"त्यांच्याच नावासाठी घालायचा."

"त्यांच्या नावासाठी, की पेढीवर तुझं नाव लागावं म्हणून?"

दादाचा चेहरा तांबडा झाला. "तुला वर्षातून दोनदा माहेरपण करायचंय, सुई. मला इथं रोज राहायचंय. तू गाठी मार आणि जा."

"दादा बरोबर बोलतोय," रंगारी म्हणाला. दोघं भाऊ एकमेकांना लागून उभे होते. असे ते शेवटचे कधी उभे राहिले होते हे सुईला आठवेना.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मारते गाठी. पण मला एवढंच सांगा, त्यांनी हे हिरवे घेतलेच का?"

"शेवटी शेवटी दमले होते गं ते."

"दमलेला माणूस एखाद्या ठिकाणी चुकतो. इतक्या ठिकाणी?"

"त्यांना दिसत नव्हतं," आई म्हणाली.

ती इतक्या साधेपणाने म्हणाली की क्षणभर कुणाला कळलंच नाही. हातातली डबी तिने कपाटात ठेवली, दार लोटलं आणि तशीच दाराकडे तोंड करून उभी राहिली.

"मोतीबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांत."

"खोटं," आत्या म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, दुपारी घरी याल. हे म्हणाले, त्या डॉक्टरच्या बाकावर अर्धा बाजार बसलेला असतो. नजरला मोतीबिंदू झाला हे संध्याकाळपर्यंत सगळीकडे होईल. मग आजवर गेलेला प्रत्येक सर लोक उलगडून बघतील."

"मोत्यांच्या घरात फुकट आलेला एकच मोती," रंगारी म्हणाला, "तोही लपवून ठेवला." कुणी हसलं नाही. त्याला स्वतःलाही ते हसण्यासारखं वाटलं नसावं. तो खिडकीकडे वळला.

"म्हणून तो मला जिन्यात बघून न बोलता पुढे जायचा," आत्या हळूच म्हणाली. "मला वाटलं माजलाय. मी पण बोलायची बंद झाले."

"पण आई, सर तर जात होते बाईंकडे," सुई म्हणाली. "मीच ओवले. चांगले होते."

"ते आधीचे. डोळे होते तेव्हा जुळवून ठेवलेले. एकेक काढून द्यायचे. नवा म्हणशील तर हा एकच." आईने आता तोंड वळवलं. "बोटांनी करायचे गं. काचेवर लोटायचे, दातावर घासायचे. भोकात केस घालून थर जोखायचे. म्हणायचे, गोलाई कळते, कातडी कळते, थर कळतो, बोटांना सगळं कळतं. झाक तेवढी कळत नाही."

"मग झाक?"

आईने दादाकडे बघितलं. "झाक याला विचारायचे."

सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. तो शर्टाची बाही खाली-वर करत होता.

"म्हणजे तू सांगत होतास?" रंगारी म्हणाला. मघाशी लागून उभा असलेला तो आता हातभर लांब झाला होता. "हिरव्याला गुलाबी? घाई होती का तुला उठायची? की त्यांच्या तोंडावर नाही म्हणवत नव्हतं?"

"तसं नाही."

"मग कसं?"

सुईने पाटीतले दोन मोती उचलले, मधला गुलाबी आणि त्याच्या जवळपासचा एक हिरवा, आणि दादाचा हात धरून त्याच्या तळव्यावर ठेवले. "दादा, यातला गुलाबी कुठला?"

"थोरल्या भावाची परीक्षा घेतेस?" आत्या म्हणाली.

"आत्या, थांब जरा."

दादाने मोत्यांकडे बघितलंच नाही. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. आणि तिच्या ध्यानात आलं की तो नेहमीच असा बघतो. आधी समोरच्याचं तोंड, मग 'तुला काय वाटतं?' आजवर ती याला त्याचा नम्रपणा समजत आली होती. तिने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. दादा वाट बघत राहिला. मग त्याने एका मोत्यावर बोट ठेवलं.

हिरव्यावर.

तिने काहीच म्हटलं नाही, तेव्हा त्याला कळलं. त्याने मूठ मिटली.

"नाही दिसत मला," तो म्हणाला. "लाल आणि हिरव्याचा घोळ होतो. शाळेत नकाशा रंगवला होता, सगळी जंगलं लाल केली. वर्ग हसला तेव्हा कळलं."

"आणि बाबांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? मी थोरला. त्यांनी मला त्यांच्या शेजारी स्टूल करून दिलं होतं, माझ्या उंचीचं." त्याने मिटलेल्या मुठीकडे बघितलं. "मला वाटलं सवयीने जमेल. आकार कळायचा, पाणी कळायचं. झाकेचं ते स्वतःच म्हणायचे. एकेक मोती पुढे करायचे आणि म्हणायचे, 'गुलाबीच ना रे?' मी म्हणायचो, हो बाबा. मला वाटायचं, ते शिकवतायत."

"आणि त्यांना वाटायचं," आई म्हणाली, "तू बघतोयस."

आत्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं. बाजारातला सगळ्यात चांगला उजेड या खिडकीतून आत येत होता, आणि त्या उजेडात दोन माणसं रोज सकाळी खुर्चीला खुर्ची लावून बसत होती, एकमेकांवर विसंबून.

खालची घंटा वाजली.

"बाई," रंगारी म्हणाला. "लवकर आल्या. बोला, नेऊ का कारखान्यात? पाटी झाकून टाका. सुई, तू आत जा."

"नको," दादा म्हणाला. मुठीतले दोन्ही मोती त्याने सुईच्या हातात दिले, कारण कुठला कुठं ठेवायचा हे त्याला ठरवता येईना. "राहू दे. मी बोलतो."

सुईने दोन्ही मोती खाचेत परत ठेवले. बाई जिना चढून आल्या त्या दम खात. हातमोजे काढले, आत्याची चौकशी केली, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणी बसा म्हणायच्या आत बाबांच्या खुर्चीत बसल्या. तो मान त्यांचाच होता. मग त्या पाटीवर वाकल्या. डोकं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश गेलं, तसंच परत आलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

सुईला वाटलं, आता आईचं घर गेलं. दादा डोळ्यांचं बोलेल, मोतीबिंदूचं बोलेल, आणि दुपारपर्यंत पेढीवरच्या तिजोऱ्या उघडतील, बाबांचा एकेक सर बाहेर निघेल.

"हा मी जुळवलाय, बाई," दादा म्हणाला. "बाबांनी नाही. त्यांचा शेवटचा सर व्हायचा राहूनच गेला. तुम्ही येणार म्हणून मी मांडला आणि त्यांचा म्हणून देणार होतो. मला रंग दिसत नाहीत. जन्मापासून. तेही मी लपवलं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्या मागे टेकल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागापेक्षा सुटकेच्या जवळचं होतं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "बघितल्याबरोबर मनात आलं, यात त्यांचा हात कुठंच नाही."

आत्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने तिचा दंड धरला, घट्ट, आणि दुसऱ्या हाताने कपाटाची मूठ धरली. सुईने आईकडे बघायचं टाळलं. काचेवर लोटलेला एकेक मोती, दातावर घासलेला, केसाने जोखलेला. त्या सगळ्या सकाळी एका वाक्यात बाबांच्या राहिल्या नव्हत्या. आणि त्या वाक्याबद्दल दादाचे आभार मानायचे होते.

"मला फसवणार होतास," बाई दादाला म्हणाल्या. "पण आयत्या वेळी फसवलं नाहीस, तेवढं मी लक्षात ठेवीन. गुलाबी तेवढे सुटे घेते. सर म्हणून हे चालायचं नाही. आणि पुढे कोण बघणार इथं? तू तर नाही."

"ही," दादा म्हणाला.

"सुई? हिने कधी जुळवलाय?"

"नाही. तिला कधी बसवलंच नाही. पण दिसतं तिला."

सुईच्या तोंडावर आलं होतं की एकदा, खूप लहान असताना, बाबांच्या पाटीतला एक मोती तिने गुपचूप बदलला होता, आणि बाबांनी तिचा तसाच ठेवला होता. ती बोलली नाही. त्या वेळी बाबाही काही बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात रेशमाचं रीळ दिलं होतं.

बाई खुर्चीतून उठल्या. "बस मग. माझ्यासमोर वेगळे कर. बघू दे मला."

रंगाऱ्याने कुणी न सांगता दोन वाट्या आणून ठेवल्या. सुई बाबांच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला मोठी होत होती; ती कडेवर सरकली. पहिला मोती उचलला, गुलाबी, उजवीकडे. दुसरा हिरवा, डावीकडे. प्रत्येक मोती चिमटीत आला की आधी त्याची कातडी लागायची, लोण्यासारखी, कुठं कणभर खोट नाही, आणि ती जाणीव पुरती व्हायच्या आत तो वाटीत टाकावा लागायचा. तिचा हात थांबला नाही. बाई बघत होत्या. दादा भिंतीला पाठ लावून दोन्ही वाट्यांकडे बघत होता, त्याला त्या वाट्या सारख्याच दिसत असाव्यात. खाच मधून रिकामी होत गेली, मग दोन्ही टोकांनी.

शेवटचा मोती हिरवा निघाला.

बाईंनी वाट्या उचलून खिडकीशी धरल्या. एकेक बोटाने ढवळून बघितली. मान हलवली.

"एकदाही चुकली नाही," त्या आईकडे वळून म्हणाल्या. "नजर अगदी बापाची घेतलीय हिने."

आईने कपाटाची मूठ सोडली.

"हो," ती म्हणाली. "अगदी त्यांचीच."